लिफ्ट केलेल्या पिकअपची अलाइनमेंट: कास्टर आधी, टो शेवटी

पिकअप दोन इंच उचलली की हायवेवर हमखास एक तक्रार सुरू होते. ऐंशीच्या पुढे गाडी तरंगते, स्टेअरिंग हलकं लागतं आणि वळण घेतल्यावर चाकं आपणहून सरळ येत नाहीत. गाडी अलाइनमेंटला जाते, वीस मिनिटांत हिरव्या आकड्यांचा कागद हातात पडतो आणि गाडी तशीच तरंगत राहते. कारण सरळ आहे. बहुतेक ठिकाणी त्या वीस मिनिटांत स्टेअरिंगपासून चाकापर्यंत जाणाऱ्या टाय रॉडचे चेक नट सैल करून फक्त टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांची पुढची टोकं आत किंवा बाहेर वळलेली असणं, लावलेला असतो. लिफ्टमुळे जे खरं बिघडलं, त्या कास्टरला, म्हणजे चाकांना सरळ परत आणणाऱ्या कोनाला, कुणी हातच लावलेला नसतो. पुष्कळदा तो मोजलेलाही नसतो.

हे सगळं टोयोटा हायलक्स डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. २०२२ पासून ती आपल्याकडे मिळते. पुढे डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाला वर अप्पर आणि खाली लोअर असे दोन आर्म, आणि कॉइल स्प्रिंग, मागे सलग एक्सल आणि कमानपाटे. इसुझू व्ही-क्रॉसची मांडणीही याच जातीची आहे. तिचे आकडे आणि बोल्टच्या जागा तिच्या मॅन्युअलमधून घ्याव्यात, तत्त्व बदलत नाही. जिम्नीसारखा पुढेही सलग एक्सल असलेल्या गाड्यांचं गणित मात्र वेगळं, त्यांना इथलं काही लावू नका.

उंची वाढली म्हणजे चाक बॉडीच्या मानाने खाली गेलं. लोअर आणि अप्पर आर्म बाहेरच्या टोकाला खाली झुकले. दोन्ही आर्मची लांबी वेगळी, म्हणून त्यांच्या बाहेरच्या टोकांवरचे, चाकाला धरणारे दोन्ही बॉल जॉइंट सारखे सरकत नाहीत. कॅम्बर, म्हणजे चाकाचा माथा आत किंवा बाहेर कलणं, यामुळेच बदलतो. तो कुठल्या बाजूला जाईल हे अप्पर आर्म मुळात किती तिरका होता आणि गाडी किती उचलली यावर ठरतं, त्यामुळे न मोजता छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. टाय रॉडही तिरका होतो, पण त्याचा कंस आर्मच्या कंसाशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून टो बिघडतो. आणि कास्टर, म्हणजे बाजूने पाहिल्यावर वरचा बॉल जॉइंट खालच्याच्या मागे असण्याचा कोन, या गाड्यांत उंची वाढली की सहसा कमी होतो. चाकांना सरळ परत आणणारी ताकद याच कोनातून येते.

कास्टरमध्ये एक भाग नुसत्या गाडीच्या कलाचा असतो, तो बरेच जण विसरतात. हायलक्सचा व्हीलबेस ३०८५ मिमी आहे. मागे जादा पाटा टाकून फक्त मागची बाजू ५० मिमी उचलली तर चासी सुमारे ०.९ अंश पुढे झुकते आणि तेवढाच कास्टर दोन्ही चाकांतून जातो. पुढे हात न लावता मागे भारी पाटे टाकलेल्या गाड्या म्हणूनच रिकाम्या असताना जास्त भरकटतात. उलट पुढची बाजू मागच्यापेक्षा जास्त उचलली तर कलामुळे थोडा कास्टर परत मिळतो, पण आर्मच्या कोनामुळे जातो त्याची पूर्ण भरपाई होत नाही.

आता किती उचलावं. हायलक्समध्ये स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अब्झॉर्बरची जोडी, लोअर आर्मवर चाकापासून बराच आत बसतो. त्यामुळे स्ट्रटच्या माथ्यावर टाकलेल्या स्पेसरच्या जाडीपेक्षा चाकाशी उंची जवळजवळ दुप्पट वाढते. २५ मिमी जाडीचा स्पेसर म्हणजे साधारण ५० मिमी लिफ्ट. दोन इंच लिफ्ट हवी म्हणून दोन इंच जाडीचा तुकडा बनवून आणणाऱ्याच्या गाडीचे ड्राइव्ह शाफ्ट आणि बॉल जॉइंट फार काळ टिकत नाहीत. ४० ते ५० मिमीपर्यंत कंपनीच्या मूळ आर्मवर बहुतेक वेळा अलाइनमेंट बसते. त्यापुढे आफ्टरमार्केट अप्पर आर्म लागतात, ज्यांचा बॉल जॉइंट मुळातच थोडा मागे आणि जास्त झुकाव सहन करील असा बसवलेला असतो. त्या आर्मचे पैसे नकोत तर लिफ्ट ५० मिमीच्या आत ठेवा. मधला मार्ग शोधण्यात टायर जातात.

लिफ्ट बसवण्याआधी एकदा अलाइनमेंट मोजून कागद घ्या. आधी डावी-उजवीकडे फरक होता की नाही हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मिमीमध्ये लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, टायरची हवा आणि झीज त्यात घुसते. लिफ्टनंतर पुढच्या दोन चाकांत ५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर अलाइनमेंटला जाण्याआधी तोच सोडवा. उंचीत फरक ठेवून कोन सारखे करणं म्हणजे भोकाच्या बादलीत पाणी भरणं.

सगळ्यात जास्त खराबी होते ती बुश आवळताना. लोअर आर्म ज्यांवर हलतो ते आतल्या सांध्यांतले बुश रबराचे असतात, आतली आणि बाहेरची स्लीव्ह रबराला चिकटलेली. आर्म हलला की रबर पिळलं जातं, स्लीव्ह फिरत नाही. गाडी रॅम्पवर, चाकं लोंबकळत असताना नट पूर्ण आवळला तर रबर त्या लोंबत्या अवस्थेलाच मूळ जागा समजतं. गाडी खाली आली की ते कायम पिळलेलं राहतं, उंची खोटी वाढलेली दिसते आणि काही महिन्यांत बुश फाटतो. अलाइनमेंट मग आपोआप हलते. म्हणून वर असताना नट नुसते हाताने टेकवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढची बाजू तीनचार वेळा दाबून सोडायची, आणि मगच टॉर्क पान्ह्याने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळायचं. गाडी नुकतीच जॅकवरून उतरली असेल तर चाकं आत ओढलेली राहतात. ती दोनचार मीटर पुढे-मागे लोटल्याशिवाय मोजमापाला अर्थ नाही.

आता मुख्य काम. हायलक्सच्या प्रत्येक लोअर आर्मला आतल्या बाजूला दोन कॅम बोल्ट असतात, एक पुढे आणि एक मागे. बोल्टच्या डोक्याजवळची विकेंद्री चकती फिरवली की आर्मचं ते टोक आत किंवा बाहेर सरकतं. दोन्ही सारखे बाहेर सरकवले तर चाकाचा तळ बाहेर जातो, म्हणजे कॅम्बर निगेटिव्हकडे. पुढचा आत आणि मागचा बाहेर केला तर आर्म वळतो, खालचा बॉल जॉइंट पुढे जातो आणि कास्टर वाढतो. म्हणजे कॅम्बर आणि कास्टर एकाच खिशातून खर्च होतात. हे न कळणारा मेकॅनिक कॅम्बर शून्यावर आणतो आणि तेवढ्यात कास्टर घालवून बसतो.

त्यामुळे कुठला कॅम फिरवायचा हे कॅम्बर कुठे गेला त्यावर ठरवा. लिफ्टनंतर कॅम्बर पॉझिटिव्ह आला असेल तर फक्त मागचा कॅम बाहेर काढा. तळ बाहेर जातो, शिवाय पुढेही सरकतो, दोन्ही कामं एकदम होतात. कॅम्बर फार निगेटिव्ह आला असेल तर फक्त पुढचा कॅम आत घ्या. तळ आत येतो आणि तरीही पुढे सरकतो. पुढचा कॅम बाहेर काढणं हा शेवटचा उपाय, कारण त्यात कास्टर जातो. एखादा कॅम टोकाला टेकल्यावरही आकडे बसत नसतील तर यंत्राशी झगडू नका. उंची जास्त आहे किंवा अप्पर आर्म लागणार, एवढाच त्याचा अर्थ.

जुन्या गाडीत, आणि कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत फिरणाऱ्या गाडीत तर हमखास, हे बोल्ट बुशच्या आतल्या स्लीव्हला गंजून चिकटलेले असतात. नट सुटतो पण बोल्ट फिरत नाही. जबरदस्तीने फिरवला तर स्लीव्हसकट रबर फाटतं. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. तरीही हलला नाही तर बोल्ट कापायचा आणि नवा बोल्ट, कॅम आणि बुश एकत्र टाकायचे. अलाइनमेंटवाल्याला हे आधी सांगा, नाहीतर तो टो लावून मोकळा होईल.

आकडे किती? कंपनीची मर्यादा हा पाया. त्यात राहून उचललेल्या गाडीला कॅम्बर शून्य ते उणे अर्धा अंश, कास्टर मर्यादेच्या वरच्या टोकाकडे, सहसा तीन अंशांच्या आसपास किंवा पुढे, आणि एकूण टो शून्य ते २ मिमी आत, असं धरून चालावं. डाव्या-उजव्या कॅम्बर-कास्टरमध्ये अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक नको. आपण डावीकडून चालवतो आणि रस्त्याचा उतार डाव्या कडेला असतो. म्हणून डाव्या चाकाचा कास्टर उजव्यापेक्षा पाव अंश जास्त ठेवला तर सरळ धावताना मदत होते, कारण गाडी कमी कास्टरच्या बाजूला ओढते. अमेरिकी व्हिडिओ पाहून आकडे लावणाऱ्यांनी हा फरक उलटा वाचावा.

टोचा मिमी आणि अंश यांत गोंधळ होतो. २६५/६५ आर १७ टायरचा व्यास सुमारे ७७६ मिमी. त्यावर २ मिमी एकूण टो म्हणजे साधारण ०.१५ अंश. यंत्र रिमवर मोजत असेल तर तोच कोन मिमीमध्ये कमी दिसतो, म्हणून अंशातच बोला. एका चाकाचा टो पाव अंश चुकला तर ते टायर दर किलोमीटरला सुमारे साडेचार मीटर आडवं घासत जातं. ऑल-टेरेन टायरच्या किमती माहीत असलेल्यांना वेगळं सांगायला नको.

यंत्रावरची शिस्त थोडक्यात. टायरची हवा सारखी करा. कॅनोपी, रूफ टेंट किंवा अवजारांची पेटी कायम गाडीवर असेल तर ती असतानाच मोजा. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि बेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, नाही हे हाताने हलवून बघा. प्ले असताना लावलेला आकडा गेटपर्यंतही टिकत नाही. पुढच्या चाकांखालच्या फिरत्या टर्न प्लेटच्या पिना काढल्या आहेत ना, ब्रेक पेडल काठीने दाबून धरलं आहे ना, आणि कास्टरसाठी स्टेअरिंग दोन्ही बाजूंना फिरवून वाचन घेतलं का, हे बघायला उभे राहा. न फिरवता मिळालेल्या कागदावर कास्टरचा रकाना रिकामा असतो किंवा जुनाच आकडा असतो. क्रम कास्टर, कॅम्बर, टो असाच हवा, कारण कॅम हलले की टो हलतोच. टो लावताना स्टेअरिंग सरळ लॉक करून दोन्ही टाय रॉड सारखे फिरवावेत, नाहीतर गाडी सरळ आणि स्टेअरिंग वाकडं. स्टॅबिलिटी कंट्रोल असलेल्या गाडीत शेवटी स्टेअरिंग अँगल सेन्सरचा शून्य स्कॅनरने नव्याने बसवून घ्या.

मागचा एक्सल सलग असल्यामुळे तिथे लावण्यासारखं काही नाही, पण बिघडवण्यासारखं आहे. पाट्याचा सेंटर बोल्ट एक्सलच्या भोकात नीट बसला नाही तर एक्सल तिरका बसतो. दोन पाट्यांतलं अंतर मीटरभर धरलं तर एका बाजूला ५ मिमीची चूक म्हणजे ०.३ अंशांच्या जवळ थ्रस्ट अँगल, म्हणजे मागच्या चाकांची दिशा गाडीच्या मध्यरेषेपासून तेवढी कललेली. गाडी सरळ धावते, पण स्टेअरिंग एका बाजूला आणि मागचा भाग किंचित तिरपा. फक्त पुढची दोन चाकं मोजणाऱ्या यंत्राला हे कधीच दिसत नाही. चार चाकांची अलाइनमेंट मागायची ती म्हणून. पाटे एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्कला तपासा.

खडबडीत रस्त्यावर स्टेअरिंग झटके देत असेल तर तो बंप स्टिअर, टाय रॉड फार तिरके झाल्याचा परिणाम. कुठल्याही कॅमने तो जात नाही, उंची कमी केली की जातो. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी पुढची दोन टायर आपसात बदलून बघा. ओढ बाजू बदलते तेव्हा दोष टायरचा असतो. टायरच्या पृष्ठावर हात आडवा फिरवल्यावर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने दातेरी लागलं तर टो चुकला आहे. एकाच कडेची सपाट झीज असेल तर कॅम्बर बघा.

एक कायदेशीर बाबही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलावर बंधन घालतं. अपघाताचा दावा करताना विमा कंपनी त्यावर बोट ठेवू शकते, याचा विचार किट घेण्याआधीच करावा.

नवे स्प्रिंग थोडे बसतात, म्हणून पहिली अलाइनमेंट लिफ्टच्याच दिवशी आणि दुसरी ५०० किलोमीटरच्या आसपास. दुसऱ्या वेळी आधी फेंडरची उंची पुन्हा मोजा. त्याच दिवशी हेडलाइटही खाली करून घ्या. फक्त पुढची बाजू ५० मिमी उचललेली असेल तर २५ मीटरवर उजेडाची रेषा जवळजवळ ४५ सेंटिमीटर वर गेलेली असते, आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत ती थेट जाते.