कायकोरा ते कॅटलिन्स: सीलच्या किनाऱ्यावर

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर पिक्टनहून खाली निघालं की काही वेळाने हायवे नंबर १ थेट समुद्राला येऊन भिडतो. उजवीकडे डोंगराचा कडा, डावीकडे पॅसिफिक आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत रस्ता आणि रेल्वेचे रूळ. मी आणि माझी आत्या कायकोराला निघालो होतो ते देवमासे बघायला. सील आमच्या डोक्यातही नव्हते.

ओहाउ पॉइंटला गाडी थांबवली ती नुसती पाय मोकळे करायला. दार उघडलं आणि आधी वास आला. मासळीचा, ओल्या केसांचा, उन्हात तापलेल्या विष्ठेचा उग्र दर्प. कठड्याशी उभी राहून खालच्या खडकांकडे बघत आत्या म्हणाली, "अगं, तो दगड हलला बघ." मग शेजारचाही हलला. नजर सरावली तसा अख्खा उतार जिवंत होत गेला. करड्या-तपकिरी माद्या खडकांवर पसरलेल्या, आणि खालच्या डबक्यांमध्ये काळीभोर पिल्लं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती. एक पिल्लू केल्पची, म्हणजे समुद्री शेवाळाची, लांबलचक पट्टी तोंडात धरून पळायचं, दुसरं तिचं टोक पकडायचं. पाण्यात पडली तरी पट्टी सुटत नव्हती.

हे न्यूझीलंडचे फर सील, माओरी भाषेत केकेनो. पिल्लं साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत जन्मतात. आम्ही गेलो तो फेब्रुवारी, म्हणजे समोरचा सगळा गोंधळ अवघ्या दोन-तीन महिन्यांच्या पोरांचा होता. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या आया तिथे नव्हत्या. मादी पिल्लाला पाजते आणि मग काही दिवस समुद्रात जाते, रात्री खोल पाण्यातून वर येणारे छोटे मासे आणि माकूळ खाऊन परत येते. कायकोराच्या अगदी जवळ समुद्रतळाला हजार मीटरहून खोल दरी आहे. आमचे देवमासे ज्या दरीमुळे तिथे येतात, तिच्याच जिवावर ही पोरंही वाढतात. तोवर ती खडकांवर एकटी असतात, उपाशी असतात, पण टाकून दिलेली नसतात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. किनाऱ्यावर एकटं पिल्लू दिसलं की माणसाचा जीव कळवळतो आणि तो त्याला उचलायला जातो, पाण्यात ढकलायला जातो, कधी मासा देऊ करतो. आई मात्र परत यायच्या वाटेवर असते.

एक आई परतताना आम्हाला दिसली. लाटेबरोबर खडकावर चढली, अंग झटकलं आणि मान वर करून तिने हाक दिली. घशातून येणारी, विव्हळल्यासारखी. दोन-तीन पिल्लं धावली. तिने एकेकाला हुंगलं आणि दात दाखवून हाकललं. पुन्हा हाक. वरच्या कपारीतून बारीक आवाजात उत्तर आलं आणि एक पिल्लू धडपडत, घसरत खाली उतरलं. तिने नाकाला नाक लावून वास घेतला आणि लगेच कुशीवर झाली. आत्या बराच वेळ काही बोलली नाही. नंतर एवढंच म्हणाली, "आवाजावरून ओळखलं गं तिने."

याच किनाऱ्यावर १४ नोव्हेंबर २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर लगेच ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. डोंगर खाली आले, रस्ता आणि रेल्वे गाडली गेली आणि समुद्रतळ काही ठिकाणी काही मीटर वर उचलला गेला. सीलच्या विणीचा हंगाम नुकताच सुरू होत होता. ओहाउच्या वसाहतीचा मोठा भाग दरडीखाली गेला. त्याआधी हिवाळ्यात इथली पिल्लं एका ओढ्यातून वर चढत, रानातल्या धबधब्याखालच्या डोहात खेळायला जात. ती जागाही दरडीने उद्ध्वस्त झाली. हायवे पुन्हा सुरू व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला. सील मात्र रस्ता सुरू होण्याची वाट बघत बसले नव्हते. ढासळलेल्या दगडांमध्ये त्यांनी नव्या कपारी शोधल्या. कठड्याखाली दिसणाऱ्या खडकांपैकी कितीतरी असेच डोंगरावरून आलेले आहेत.

कायकोराच्या द्वीपकल्पाच्या टोकाला, पॉइंट कीनला, रस्ता संपतो आणि पार्किंग लागतं. तिथून कड्यावरून जाणारी पायवाट सुरू होते. गाडीतून उतरून चार पावलं टाकली, तर लाकडी फळ्यांच्या वाटेवर एक मोठा फर सील आडवा झोपलेला. मिश्या लांब, नाक टोकदार, एक फ्लिपर, म्हणजे वल्ह्यासारखा पाय, हवेत उभा. अंग तापलं की ते असा फ्लिपर वाऱ्याला धरतात, कारण तिथे केस विरळ असतात आणि उष्णता बाहेर पडते. बाकीच्या अंगावर दाट केसांचे दोन थर.

नियम २० मीटर अंतराचा आहे. सील आणि समुद्र यांच्या मध्ये यायचं नाही, हेही आवर्जून सांगितलेलं असतं, कारण घाबरलेला सील सरळ पाण्याकडे धावतो आणि वाटेत जो असेल त्याला चावतो. हा चावा वाईट असतो, जखम चिघळते. खडबडीत खडकावरून तो माणसाहून चपळ जातो. तरीही एक जण मोबाइल पुढे धरून त्याच्यापासून हातभरावर जाऊन उभा राहिला. सीलने डोळे उघडले, मान उचलली, तोंड वासून खर्जातला फूत्कार सोडला. तो माणूस हसत मागे आला आणि मित्रांना व्हिडिओ दाखवू लागला. मला त्याचा मनापासून राग आला. त्याच्या व्हिडिओसाठी त्या जनावराची झोप मोडली होती. रात्रभर समुद्रात शिकार करून आलेल्या सीलला दिवसा हीच काय ती विश्रांती.

आणि या प्राण्याचं आपल्याशी असलेलं नातं काही साधं नाही. १७९२ मध्ये दक्षिण बेटाच्या नैर्ऋत्य टोकाजवळ, डस्की साउंड या खाडीत, सीलच्या शिकाऱ्यांची पहिली टोळी उतरली. टोप्यांसाठी, कोटांसाठी कातडी हवी होती. पुढच्या काही दशकांत किनारेच्या किनारे रिकामे झाले. शिकारीचा शेवटचा हंगाम १९४६ चा, आणि १९७८ च्या कायद्याने त्यांना सतावणंही गुन्हा ठरलं. आज ते पार्किंगमध्ये, पायवाटेवर, बोटींच्या धक्क्यावर भेटतात, कारण हळूहळू जुन्या जागी परत येत आहेत. आम्ही झुडपांच्या कडेने लांबचा वळसा घेतला आणि पुढे गेलो.

त्यानंतर आम्ही थेट दक्षिणेला, कॅटलिन्सच्या किनाऱ्यावर गेलो. तिथे ओवाकाजवळ सुरत बे नावाची वाळूची चंद्रकोर आहे. 'सुरत' हे स्थलांतरितांचं जहाज. १ जानेवारी १८७४ रोजी ते या भागात खडकावर आपटलं, त्यावरून हे नाव. इथे भेटतात ते सी लायन, फर सीलचेच भाऊबंद, जगातल्या सर्वांत दुर्मीळ सी लायनांपैकी एक. फर सीलला खडक आवडतात, यांना वाळू. नाक बोथट, अंग अवाढव्य. पूर्ण वाढलेला नर ४५० किलोपर्यंत जातो.

आम्ही ओल्या वाळूवरून चालत होतो. ओंडका वाटावा अशी एक काळी वस्तू लाटेत वरखाली होत होती. ती उभी राहिली. एक तरुण नर, अजून आयाळ न आलेला, पाण्यातून निघाला आणि आमच्याच दिशेने चालायला लागला. सी लायन मागचे पाय पुढे वळवून चारी पायांवर चालतो. एवढं धूड इतक्या सहज चालेल असं वाटत नाही. मी आत्याचा दंड धरला. पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, सावकाश मागे सरकायचं, हे फलकावर वाचलेलं होतं. आम्ही मागे सरकत राहिलो, तो पुढे येत राहिला. त्याचा श्वास ऐकू येत होता, छातीवरून निथळणारं पाणी दिसत होतं. डोळे मोठे, ओले, पूर्ण काळे. तो रागावलेला नव्हता. आम्ही कोण आहोत हे त्याला बघायचं होतं, आणि तरीही माझे पाय थरथरत होते. मग अचानक त्याचा आमच्यातला रस संपला. वळला, कोरड्या वाळूत जाऊन धपकन पडला आणि फ्लिपरने पाठीवर वाळू उडवायला लागला. अंग थंड ठेवायची त्यांची ही रीत.

परतीच्या वाटेवर ओटागो द्वीपकल्पावर सँडफ्लाय बे लागतं. मुख्य भूमीवरून सी लायनांची वीण पार संपली होती. १९९३ मध्ये ओटागोत एका मादीने पिल्लू दिलं, शंभराहून अधिक वर्षांत पहिलंच. लोक तिला 'मम' म्हणायचे. पुढची वीण तिच्या लेकी-नातींनी वाढवली. या माद्या नरांच्या त्रासापासून पिल्लं लांब ठेवण्यासाठी किनारा सोडून रानात शिरतात, कधी दोन किलोमीटर आतपर्यंत. २०२१ मध्ये एका माय-लेकरासाठी डनीडिन शहराने समुद्राकाठचा एक रस्ता महिनाभर बंद ठेवला होता.

वाळूच्या टेकड्यांमधून खाली उतरत असताना एक स्वयंसेवक बाई वाटेत उभ्या होत्या. पुढच्या झुडपात मादी पिल्लाला घेऊन झोपली आहे, कृपा करून मागे फिरा, म्हणाल्या. झुडूप इथून दिसत होतं, मादी दिसत नव्हती. मी अजून विचारच करत होते, तोवर आत्या वळून चढायलाही लागली. वर पार्किंगमध्ये तिने मला गाडी सुरू करू दिली नाही. नवीन गाडी आली की पुढे होऊन हात आडवा करायची आणि सांगायची, "नॉट नाउ. मदर अँड बेबी स्लीपिंग." तीन गाड्या परत गेल्या. चौथ्यातल्या जोडप्याने थोडा वाद घातला, तेव्हा तिने त्यांना ओहाउच्या त्या आईची हाक आवाज काढून दाखवली आणि पिल्लू कसं खाली आलं ते सांगितलं, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. तेही थांबले.