ब्लास्ट कॅबिनेट घ्यायचंय? आधी कॉम्प्रेसर बघा (माझा अनुभव)

जुनी बेंच व्हाइस, पंख्याची बॉडी, मोटरसायकलचे पार्ट असलं काहीबाही उघडून साफ करून परत उभं करायचा मला नाद आहे, आणि वायर ब्रशने कितीही घासलं तरी खाचा-कोपऱ्यातला गंज काही हलत नाही, म्हणून शेवटी ब्लास्ट कॅबिनेट, म्हणजे दाबाच्या हवेने बारीक दाणे मारून पार्ट साफ करायची बंद पेटी, घ्यायचं ठरवलं. सगळे आधी कॅबिनेटची साइज बघतात, मी पण तिथूनच सुरुवात केली, पण जसजसं वाचत गेलो तसं कळलं की पेटी ही शेवटची गोष्ट आहे, खरा खेळ हवेचा आहे.

घरगुती कॅबिनेटमध्ये बहुतेक सायफन गन येते, म्हणजे हवेच्या ओढीने खालच्या हॉपरमधला (नसराळ्यासारख्या तळातला) मीडिया, म्हणजे मारायचे दाणे, गनमध्ये खेचला जातो. तिला ८०-९० पीएसआय दाबाला साधारण १०-१५ सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट) हवा सलग लागते. आता ढोबळ हिशोब असा की कॉम्प्रेसरच्या एका एचपीमागे ९० पीएसआयला ३ ते ४ सीएफएम मिळते, म्हणजे २ एचपीचा छोटा कॉम्प्रेसर घेऊन बसलात तर थोडा वेळ मारायचं आणि मग टाकी भरायची वाट बघायची. मोठी टाकी असली की पहिला दम जास्त वेळ टिकतो एवढंच, हवा काही वाढत नाही. प्रेशर पॉटवालं कॅबिनेट, म्हणजे ज्यात मीडिया दाबाखालच्या भांड्यातून ढकलला जातो, काम फार फास्ट करतं, पण महाग आणि हवाही भरपूर खातं, त्यामुळे मी आधी कॉम्प्रेसर मोठा घेतला आणि कॅबिनेट साधं सायफनचं.

नोझलकडे, म्हणजे गनच्या टोकाकडे, पण लक्ष द्या हं. सिरॅमिकचं स्वस्त असतं पण झिजतं, आणि ४ मिमीचं भोक झिजून ५ मिमी झालं की हवा दीडपटीहून जास्त लागायला लागते, मग वाटतं कॉम्प्रेसर बिघडला. बोरॉन कार्बाइडचं महाग पण खूप टिकतं.

मीडियाचं म्हणाल तर गंज आणि जुना पेंट काढायला अॅल्युमिनियम ऑक्साइड, अॅल्युमिनियमच्या इंजिन कव्हरला ग्लास बीड (काचेचे बारीक मणी), त्याने धातू फारसा न खाता छान सॅटिन फिनिश येतं. दोन्हीचे डबे वेगळेच ठेवतो, कारण लोखंडावर वापरलेला मीडिया अॅल्युमिनियमवर मारला की लोखंडाचे कण रुतून बसतात आणि नंतर तिथे गंजाचे ठिपके येतात. आणि कृपा करून साधी वाळू कुणी वापरू नका!! तिच्या सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस होतो, फुप्फुसं परत बरी होत नाहीत, ब्रिटनने तर कास्टिंग वगैरेच्या ब्लास्टिंगमध्ये १९४९ सालच्या नियमांनीच वाळूवर बंदी आणली. मीडिया कुठलाही असो, जुन्या पेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणून कॅबिनेटला सायक्लोन (जड धूळ आधीच वेगळी करणारं भांडं) आणि हेपा (अगदी बारीक धूळ अडवणारा) फिल्टरवाला व्हॅक्यूम जोडलाय, दार उघडायच्या आधी तो थोडा वेळ चालू ठेवतो आणि मास्क तोंडावर असतोच. व्हॅक्यूममुळे आतलं पण स्वच्छ दिसतं, नाहीतर धुळीत पार्ट शोधत बसा.

पहिल्यांदा व्हाइसचा जबडा मारला तेव्हा गन साधारण वीतभर लांब धरून, तिरकी ठेवून हळूहळू फिरवत गेलो, तर काळ्या-तपकिरी पापुद्र्याखालून एकसारखा राखाडी धातू उघडा पडत गेला आणि कास्टिंगमधली पुसट झालेली अक्षरं पण वर आली, इतकं बरं वाटलं ना ते बघून! पत्र्यावर मात्र प्रेशर ४०-५० पीएसआयवर आणायचं आणि एका जागी थांबायचं नाही, पत्रा वाकडा होतो.

पार्ट आत जायच्या आधी ग्रीस-ऑइल पूर्ण धुऊन वाळवलेलं पाहिजे, नाहीतर सगळा मीडिया चिकट होतो. हवेतल्या पाण्याने पण तेच, मीडियाच्या गुठळ्या होऊन गन तुंबते, म्हणून वॉटर सेपरेटर लावा आणि टाकीतलं पाणी रोज सोडा. काढल्यावर पार्टला उघडा हात लावायचा नाही, हवेने झटकून त्याच दिवशी प्रायमर मारायचा, दमट हवेत तर काही तासांतच गंजाची झाक येते. तेलाच्या बारीक वाटा असलेले इंजिनचे पार्ट आणि कार्बोरेटर मी आत घालतच नाही, एखादा मणी आत अडकून राहिला तर बेअरिंगची वाट लागेल, त्यांना अल्ट्रासोनिक क्लीनरच बरा.