तुम्ही विचारलंत म्हणून: फी कंपनीची, मग नापास कोण करणार?

लग्नात, ट्रेनमध्ये, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, मी हलाल सर्टिफिकेशनसाठी ऑडिट करते असं कळलं की दोन मिनिटांत हाच प्रश्न येतो. "पैसे तर ती कंपनीच देते ना, मग तिला नापास कशाला कराल तुम्ही?" आधी राग यायचा, आता येत नाही, कारण प्रश्न बरोबरच आहे.

मी फूड टेक्नॉलॉजीवाली. माझ्यासोबत एक आलिम असतात, शरियतचं ते बघतात आणि कच्चा माल, मशीन, कागदपत्रं माझ्याकडे. आम्ही रिपोर्ट लिहितो आणि तिथे आमचं काम संपतं, सर्टिफिकेट द्यायचं की नाही हे आम्ही ठरवतच नाही. ज्याने तपासलं त्याने निर्णय घ्यायचा नाही हे आयएसओ १७०६५ मध्येच, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकातच आहे, तपासणीत नसलेली वेगळी माणसं तो घेतात. फी आम्ही आधीच घेतो, पास व्हा नाहीतर नापास, परत मिळत नाही. इंडोनेशियाने तर २०१४ च्या कायद्याने तीन तुकडेच केले, तपासणी एकाची, माल हलाल आहे की नाही याचा फतवा उलेमा कौन्सिलचा, म्हणजे धर्मपंडितांच्या मंडळाचा, आणि सर्टिफिकेट सरकारी संस्थेचं. आधी तिथे तपासणी आणि फतवा एकाच छताखाली व्हायचं.

लोकांना वाटतं लाच म्हणजे पाकीट. सुक्यामेव्याचा डबा मी परत करते, जेवण कँटीनमध्ये सगळ्यांसोबत, विषय संपला. खरी पंचाईत वेगळीच असते. एका एमआयडीसीतल्या बेकरीत इमल्सिफायरचा (तेल-पाणी एकजीव ठेवणारा घटक, नंबर ४७१) सप्लायर बदललेला होता आणि नवीन माल वनस्पतीचा की प्राण्याच्या चरबीचा याचा एकही कागद नाही. मी एनसी, म्हणजे नियमात न बसणारी त्रुटी, लिहिली. मालक बिचारा हात जोडून म्हणाला, मॅडम, कोणाकडून घेऊ ते तुम्हीच सांगा, आजच ऑर्डर टाकतो. तीन नावं माझ्या जिभेवर होती, हो! पण मी सांगितलं तर ती कन्सल्टन्सी झाली, पुढच्या वेळी मी माझाच सल्ला तपासायला येणार आणि तो चुकला होता असं मी लिहीन का? गप्प बसले. तो म्हणाला, तुमच्यापेक्षा आरटीओ बरं. (एखाद्याला सल्ला दिला तर त्याच्या फाइलपासून साधारण दोन वर्षं तरी लांब राहायचं.)

आता जिथे मला स्वतःलाच खात्री वाटत नाही ते पण सांगते. कत्तलखान्यात जबिहावर, म्हणजे शरियतप्रमाणे जनावर कापण्यावर, लक्ष ठेवणाऱ्या सुपरवायझरचा पगार प्लांटच देत असेल तर लाइन थांबवताना त्याच्या डोक्यात महिन्याचा पगार येणारच, माणूस कितीही नमाजी असू दे. फी मालाच्या टनावर ठरत असेल तर जास्त माल पास होणं सर्टिफिकेट देणाऱ्याच्याच फायद्याचं. आणि एकाने नाकारलं की कंपनी दुसऱ्याकडे जाते, ते तर आहेच. यावर एकच बरा उपाय मला दिसतो, तपासणाऱ्यांना तपासणारं कोणीतरी हवं. भारतातून होणाऱ्या मांसाच्या एक्स्पोर्टमध्ये ते आलंय, १६ ऑक्टोबर २०२४ पासून सौदी, यूएई, मलेशिया धरून १५ देशांना हलाल म्हणून मांस पाठवायचं तर क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या बोर्डाची मान्यता असलेल्या संस्थेचंच सर्टिफिकेट लागतं. बिस्किटं-मसाल्यांना मात्र तो नियम नाही.

मसाल्यावरून आठवलं. प्रत्येक ऑडिटच्या आधी आम्ही एक फॉर्म भरतो, या कंपनीत नातेवाईक, शेअर, जुनी नोकरी काही आहे का. एकदा नाव आलं ते माझ्या खालाच्या (मावशीच्या) मुलाच्या मसाल्याच्या युनिटचं. मी "नातेवाईक" लिहिलं, ऑफिसने दुसऱ्याला पाठवलं आणि त्याने दोन एनसी काढल्या. खाला चार महिने बोलली नाही. मग ईदला अम्मीसमोरच म्हणाली, "तू गेली असतीस तर आधी फोन करून सांगितलं तरी असतंस." मी म्हटलं, खाला, म्हणूनच तर नाही गेले. ती हसली नाही. दर उन्हाळ्यात दोन किलो मसाला मात्र न चुकता पाठवते, आणि तो मी घेते, कारण त्या युनिटची फाइल आता माझ्याकडे कधी येणारच नाही.