याची नॉर्मल रेंज किती, डॉक्टर?

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या मानसोपचाराच्या ओपीडीत नातेवाईक बहुधा दोनच प्रश्न विचारतात: गोळ्या किती दिवस, आणि सवय तर लागणार नाही ना. त्या दिवशी आलेल्या काकांनी फाइल उघडली, खिशातलं पेन काढलं आणि विचारलं, "डॉक्टर, याची नॉर्मल रेंज किती?"

काका ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीच्या क्यूसी, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या लॅबमधून रिटायर झालेले. मुलगा पंचविशीतला. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचून नुकताच घरी आलेला, बाहेर बाकावर आईशेजारी बसला होता. मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन कमी झालं की माणूस असं करतो, हे काकांनी कुठेतरी वाचलं होतं. मग ते मोजा, कमी असेल तर भरून काढा आणि 'आता धोका नाही' असं लिहून द्या, इतकं सरळ त्यांचं म्हणणं.

वाचलेलं अगदीच खोटं नव्हतं. १९७६ साली स्वीडनमध्ये मारी ओसबर्ग यांनी डिप्रेशनच्या ६८ पेशंटांच्या मणक्यातलं पाणी तपासलं. सेरोटोनिन वापरून झाल्यावर जो पदार्थ उरतो, तो ज्यांच्यात कमी सापडला त्यांच्यात आत्महत्येचे प्रयत्न जास्त होते. पुढे न्यूयॉर्कमध्ये जॉन मान आणि व्हिक्टोरिया अरँगो यांनी आत्महत्येने गेलेल्यांचे मेंदू तपासले. कपाळामागचा जो भाग आवेगाला लगाम घालतो, तिथल्या सेरोटोनिनच्या यंत्रणेतच फरक दिसले. पण हे सगळे गटागटांमधले फरक. समोरच्या एका माणसाबद्दल त्यातून काही ठरत नाही.

हे काकांना तोंडी पटेना. म्हणून त्यांच्याच फाइलच्या मागे गणित मांडलं. समजा, हजार पेशंटांत पाच जणांना खरा धोका आहे आणि आपली टेस्ट नव्वद टक्के बरोबर आहे. काकांनी पेन माझ्या हातातून घेतलं. पाचातले साडेचार सापडतील. उरलेल्या ९९५ मधले शंभरेक उगाच पॉझिटिव्ह. स्वतःच्याच आकड्यांकडे बघत म्हणाले, "अशी टेस्ट आमच्या लॅबने पास केली नसती." असा नातेवाईक विरळाच.

मग पेन खाली ठेवून, आवाज उतरवून म्हणाले, "माझा धाकटा भाऊही असाच गेला. घरात कधी बोललो नाही आम्ही."

इतका वेळ नॉर्मल रेंज का हवी होती, ते तेव्हा कळलं. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या लोकांचा अभ्यास झाला आहे. आत्महत्या केलेल्यांच्या रक्ताच्या नातेवाइकांत ते प्रमाण जास्त निघालं, वाढवलेल्या घरात नाही. म्हणजे काहीतरी वारशाने येतं. पण येते ती प्रवृत्ती. शिवाय सगळं जन्मतःच ठरतं असंही नाही. लहानपणी छळ सोसून पुढे आत्महत्या केलेल्यांच्या मेंदूत, ताणाला आवर घालणाऱ्या जनुकावर रासायनिक खुणा सापडल्याचं २००९ मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी दाखवलं. काकांचा थोरला भाऊ हॉस्पिटलमध्ये मुलाला पळपुटा म्हणाला होता. अशा माणसांसाठी तरी हे संशोधन मराठीत यायला हवं.

मुलाला आणि त्याच्या आईला आत बोलावून मुलाला थेट विचारलं, "अजून मरावंसं वाटतं का?" काका दचकले. असं विचारल्याने डोक्यात नसलेलं भरतं, हा समज फार चिवट. अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. मुलगा म्हणाला, "रात्री वाटतं." आईने पहिल्यांदाच ऐकलं. मग रात्री कोण जागणार, घरातल्या गोळ्या कोणाच्या ताब्यात, कोणालाच उठवावंसं वाटलं नाही तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर, हे सगळं चौघांनी बसून लिहून काढलं. "पण मला ठाण्याला नाही ना पाठवणार?" त्याने विचारलं. ठाण्यातल्याच कोपरीत राहणारा मुलगा हे विचारतोय म्हटल्यावर आईलाही हसू आलं.

त्याच्या हिस्टरीत तेजीचे दिवसही निघाले, झोप नाही, खर्च बेसुमार. बायपोलर, म्हणजे कधी टोकाची तेजी तर कधी टोकाची उदासी. लिथियम सुरू केलं. मूडच्या आजारांत आत्महत्या कमी करण्याबाबत ज्या औषधांचा पुरावा भक्कम, त्यांतलं हे जुनं औषध. ते नेमकं कसं, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. मात्र रक्तातली पातळी मोजावी लागते, शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी. जोडीला किडनी आणि थायरॉईड.

पहिला रिपोर्ट काकाच घेऊन आले. ०.७. "रेंजमध्ये आहे," मी म्हटलं. तरी सँपल बरोबर बारा तासांनीच घेतलं होतं का, हे त्यांनी लॅबला फोन करून विचारलंच होतं.