मी टुरमलीनला बफ मारला त्याची गोष्ट

आधीच सांगतो, मी जिऑलॉजीवाला नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं छोटं फेटलिंगचं शॉप आहे, म्हणजे फौंड्रीतून कास्टिंग (ओतीव भाग) येतात, त्यांचे रनर-रायजर, म्हणजे धातू ओतायच्या वाटेत उरलेले तुकडे, तोडायचे, कडेची जास्तीची फ्लॅश घासायची, पार्टीला हवं असेल तर बफ मारून चकाकी आणून द्यायची. दगडाशी संबंध म्हणजे लहानपणी रंकाळ्यावर भाकऱ्या पाडायला चपटे दगड गोळा करायचो तेवढाच.

माझ्याकडं ग्राइंडरवर एक पोरगा आहे, झारखंडातल्या कोडरमाकडचा. मागच्या छठला गावी गेला आणि येताना वर्तमानपत्रात गुंडाळून तीन दगड घेऊन आला, म्हणाला शेठ, तुमच्या शोकेसला ठेवा. एक होता अभ्रकाचा गठ्ठा, वहीसारखा, नख घातलं की पान सुटतंय असा. दुसरा पांढऱ्या दगडात घुसलेल्या काळ्या कांड्या, सर्वात मोठी अंगठ्याएवढी जाड. आणि तिसरा हिरवट निळा, एका बाजूनं तुटलेला, सहा कडांचा, पेन्सिलीचं जाडजूड थोटूक असावं तसा. तिन्हींवर तांबडा गंज चढलेला.

आता फेटलिंगवाल्याच्या हातात मळकट वस्तू आली की तो काय करणार? काळ्या कांडीवर उभ्या रेघा-रेघा होत्या, मला वाटलं खराब फिनिश आहे. लावली फ्लॅप व्हीलला, म्हणजे घासकागदाच्या चाकाला, आणि वर बफ मारला. दहा मिनिटांत एक बाजू अशी चकाचक झाली की त्यात ट्यूबलाईट दिसायला लागली. मी लई खूश. पोरगा बघत होता, काही बोलला नाही बिचारा.

राजारामपुरीत ओळखीचे एक सर आहेत, जिऑलॉजी शिकवून निवृत्त झालेले. त्यांना मोठ्या ऐटीत दाखवायला नेला. सरांनी आधी न घासलेली बाजू बघितली, मग घासलेली बघितली, मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "अहो, तुम्ही त्याचं आधारकार्डच खरवडून काढलंत की!" त्या उभ्या रेघा हीच टुरमलीन या खनिजाची ओळख. कांडी आडवी तुटली असेल तर तोंड बघायचं, गोलसर फुगीर त्रिकोण दिसतो, तो दुसरा पुरावा. काळा असतो त्याला शॉर्ल म्हणतात, त्यात लोखंड भरपूर. लोखंडाच्या जागी लिथियम-अॅल्युमिनियमवाला असला तर गुलाबी, हिरवा, कधी आतून गुलाबी बाहेरून हिरवा, कलिंगडाच्या फोडीसारखा. माझा आपला काळा. त्यालाही मी सोडला नाही.

पण सर चांगले, ओरडले कमी आणि शिकवलं जास्त. वरून दम दिला की परत दगड कोरडा घासायचा नाही, कारण क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी, तिची धूळ म्हणजे सिलिका, आणि तो निळा घासला असता तर त्यात बेरिलियम, त्याची धूळ फुफ्फुसाला आणखी वाईट. सिलिकाचं मला सांगायची गरज नव्हती, आमच्या लाईनीत वाळूच्या धुळीनं छाती गेलेली माणसं मी बघितलीत. तरी मास्क न लावता घासला होता, कबूल करतो.

मग प्रश्न असा की हा निळा नक्की बेरिल, म्हणजे ते बेरिलियमवालं खनिज, कशावरून? सर म्हणाले मी सांगणार नाही, तुम्ही शोधून मला सांगा. आणि इथून माझा खरा उद्योग सुरू झाला.

पहिलं, सुरीची टोच. दगडाच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला स्टीलच्या सुरीनं ओरखडा मारायचा. अॅपेटाईट नावाचं एक खनिज असंच निळं-हिरवं आणि सहा कडांचं असतं, पण त्याचा कडकपणा मोहच्या दहाच्या मापावर ५, चांगल्या सुरीनं ओरखडा पडतो. बेरिल साडेसात ते आठ. माझ्या दगडावर सुरीचीच करडी रेघ उमटली, बोटानं पुसली गेली. म्हणजे अॅपेटाईट गेलं. राहिली गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ. तीही सहा कडांची, तीही सुरीला दाद देत नाही.

दुसरं, वजन. बायकोचे मामा गुजरीत सोनारकामाचे कारागीर आहेत, त्यांच्या काट्यावर गेलो. युक्ती सोपी आहे आणि घरी कुणालाही जमेल. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवायचा, काटा शून्य करायचा, दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा धरायचा. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घनसेंटिमीटर त्या दगडाचं आकारमान. दगडाचं कोरडं वजन भागिले तो आकडा, झाली घनता. पहिल्यांदा हात हलला, दुसऱ्यांदा दगडाला बुडबुडे चिकटले, मामा म्हणाले "जावई, गिऱ्हाईक थांबलंय", मग पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून जुन्या ब्रशनं बुडबुडे काढले तेव्हा कुठं आकडा थांबला. निळा ४१.६ ग्रॅम, पाण्यातला आकडा १५.४, म्हणजे २.७०. काळ्याची एक सुटी कांडी होती ती ९.५ आणि ३.०, म्हणजे ३.१७ च्या आसपास, शॉर्लला बरोबर बसते. एक लक्षात ठेवा, हे सुट्या स्फटिकालाच करायचं, मागं दुसरा दगड चिकटलेला असेल तर आकडा खोटा येतो.

पण घोळ असा की क्वार्ट्झची घनता २.६५. माझ्या २.७० मध्ये आणि त्यात फरक केवढा, मामांच्या हाताच्या थरथरीएवढा! शेवटी निकाल डोळ्यांनीच लागला. क्वार्ट्झ असेल तर बाजूंवर आडव्या रेघा आणि डोक्यावर टोकदार शिखर. माझ्या थोटकाचं शाबूत टोक सपाट, टेबलासारखं, आणि आडव्या रेघा अजिबात नाहीत. सरांना फोन केला, म्हटलं बेरिल. "बरोबर," म्हणाले, "आणि आता हे ऐका, पाचू पण बेरिलच." क्रोमियम किंवा व्हॅनेडियम घुसलं की हिरवागार पाचू, लोखंड घुसलं की निळसर अॅक्वामरीन. माझ्याला अॅक्वामरीन म्हणायची सोय नाही, आरपार दिसत नाही, दागिन्याच्या कामाचा नाही. मामांनी तर एका नजरेत सांगितलं, "ह्येचं काय व्हणार न्हाय." मला त्याचं काही करायचंच नव्हतं. आणखी एक, बेरिल २०२३ पर्यंत आपल्या खाण कायद्यात अणुखनिजांच्या यादीत होतं म्हणे. शोकेसमध्ये अणुखनिज, बायकोला सांगितलं नाही.

आता हे दगड एवढे मोठे वाढतात कसे, यावर माझा आणि सरांचा चांगलाच वाद झाला. ज्या दगडात हे सापडतात त्याला पेग्मटाईट म्हणतात, ग्रॅनाईटचा मॅग्मा, म्हणजे वितळलेला दगड, जमिनीखाली गार होत आला की शेवटी उरलेला जो रस भेगांमधून घुसतो तो. मी म्हटलं, सर हे आमचं रोजचं आहे, कास्टिंगचा जाड सेक्शन सावकाश गार होतो तिथं ग्रेन, म्हणजे धातूचा दाणा, मोठं, चिल, म्हणजे लवकर गार करणारा लोखंडी तुकडा, लावला तिथं ग्रेन बारीक, म्हणजे पेग्मटाईट लई सावकाश गार झाला असणार. सर हसले. म्हणाले, सगळे हेच म्हणायचे. पण पुष्कळ पेग्मटाईट म्हणजे नुसत्या पातळ पट्ट्या, आजूबाजूच्या थंड दगडात घुसलेल्या, त्या तर लवकर गार झाल्या असणार असं आता अभ्यासक मानतात. अमेरिकेत साऊथ डकोटाच्या एटा खाणीत स्पोड्युमीन या लिथियमच्या खनिजाचे ४० फुटांहून लांब स्फटिक निघालेत, ते काय नुसत्या सावकाशपणानं?

मग कशानं? तर उरलेल्या रसात पाणी, बोरॉन, फ्लोरीन, लिथियम हे सगळं साचत जातं, कारण ग्रॅनाईटच्या नेहमीच्या खनिजांत त्यांना जागा मिळत नाही. आणि हे त्या रसाला पातळ करतात, कमी तापमानालाही वाहता ठेवतात. स्फटिकाचं बी कमी ठिकाणी रुजतं आणि जे रुजतं त्याच्याकडं लांबून माल पळत येतो.

हे मी गुजरीत मामांना सांगितलं, मला वाटलं डोक्यावरून जाईल. मामा फुंकणी बाजूला ठेवून म्हणाले, "म्हंजे टाकणखारच की." मी गप्प! सोनार डाग देताना, म्हणजे जोड वितळवून लावताना, टाकणखार लावतो तो कशाला, तर तापल्यावर धातूवर धरणारी पापडी विरघळावी, डाग नीट पळावा म्हणून, आणि टाकणखारात असतंय बोरॉन. टुरमलीनमध्ये पण बोरॉन. आम्ही लोखंडाला फ्लक्स घालतो, मामा सोन्याला घालतात, आणि जमिनीनं आपल्या रसाला तोच घातला. सरांना हे सांगितलं तर त्यांनी चहा मागवला.

साफसफाईचं थोडक्यात सांगतो कारण त्यात मी एकदाच चुकलो. गंज काढायला ऑक्झॅलिक अॅसिड, लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे, प्लास्टिकच्या टबात, हातमोजे घालून आणि पोराबाळांपासून लांब, कारण विष आहे ते. अभ्रकाची वही त्यात घालायची नाही, पानांच्या मधे पाणी शिरून फुगते. चूक अशी केली की बोअरच्या पाण्यात कालवलं. आमचं बोअरचं पाणी क्षारांनी भरलेलं, टब ताकासारखा पांढरा झाला आणि दगडावर साय धरली. मग बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणलं, चार दिवस भिजवलं, त्यानंतर आठवडाभर रोज पाणी बदललं. गंज गेला आणि काळ्या कांड्यांच्या खालच्या पांढऱ्या फेल्डस्पार या खनिजामध्ये राखाडी क्वार्ट्झच्या तिरक्या, तुटक, मोडक्या खुणा दिसायला लागल्या, ओळीनं, जणू कुणीतरी बोरूनं लिहिलंय. याला ग्राफिक ग्रॅनाईट म्हणतात, दोन्ही खनिजं एकाच वेळी वाढताना एकमेकांत अशी अडकतात. आमच्या आज्जाला मोडी यायची, त्याचे जमिनीचे कागद ट्रंकेत आहेत, एक कागद काढून शेजारी धरला तर खरंच, कुठला दगड आणि कुठला आज्जा.

असला दगड कोल्हापुरात मात्र शोधू नका, पायाखाली बसाल्टचा काळा पत्थर आहे. बसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाईट नावाच्या खनिजांचे स्फटिक येतात, तेही देखणे, पण जात वेगळी. ते बघायचे तर गारगोटीला जा असं सर म्हणाले, मी म्हटलं त्यात काय, रोज एसटी आहे, भुदरगड तालुक्यात तर आहे. ते सिन्नरच्या गारगोटी म्युझियमबद्दल बोलत होते.

पोराला एक दिवस विचारलं, तुला हे मिळालं कुठं. तर सांगायला लागला की गावात बायकापोरं जुन्या खाणींच्या ढिगाऱ्यातून अभ्रकाचा चुरा वेचतात, त्याला ढिबरा म्हणतात, तोही लहानपणी आईबरोबर जायचा, काळ्या कांड्या आणि निळं काही आलं की फेकून द्यायचे, त्याला भाव नाही. बंद खाणीच्या कडा ढासळतात, माणसं दबतात. हे त्यानं ग्राइंडरचं चाक बदलता बदलता सांगितलं. मी ते दगड फुकटात मिळाले असं समजत होतो.

सर म्हणतात लेबल नसलेला दगड म्हणजे नुसता दगड, कुठून आला ते लिहिलं तरच नमुना. म्हणून यंदा तो छठला निघाला तेव्हा मी वही दिली, म्हटलं दगड नको आणू, त्या ढिगाऱ्यात तर पाऊलही टाकू नको, फक्त जागा लिहून आण. त्यानं गावाचं नाव, खाणीचं लोकांच्या तोंडचं नाव, महुआच्या झाडापासून किती पावलं, सगळं हिंदीत लिहून आणलं. ते लेबलवर उतरवलं. काळ्या कांड्यांच्या लेबलवर खाली एक ओळ जास्तीची आहे, सरांनी लिहायला लावली: "शॉर्ल, ग्राफिक ग्रॅनाईटवर. मोठ्या कांडीची एक बाजू बफ केलेली, कोल्हापूर."