आधी मेमरी, मग डिस्क

जवळपास तीन महिने माझा संगणक आठवड्यातून दोन-तीनदा अचानक बंद पडत होता आणि दर वेळी कारण म्हणून काहीतरी वेगळेच सांगत होता. एका दिवशी निळ्या पडद्यावर ‘मेमरी मॅनेजमेंट’ असे शब्द दिसत, दोन दिवसांनी ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, तर कधी ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरचे नाव. मी तो ड्रायव्हर बदलला, व्हायरसची तपासणी केली, विंडोज दोनदा पुसून नव्याने बसवले. चार-पाच दिवस शांततेत जात आणि तक्रार परत येई. एखादी मोठी झिप फाइल उघडताना ती खराब असल्याचा संदेश येई आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर तीच फाइल विनातक्रार उघडे. या खुणेचा अर्थ मला फार उशिरा उमगला, आणि तो आधीच उमगला असता तर दोन्ही वेळचे इन्स्टॉलेशन वाचले असते.

हार्ड डिस्क प्रत्येक सेक्टरमध्ये, म्हणजे माहिती साठवण्याच्या छोट्या ठरावीक तुकड्यात, माहितीच्या जोडीने चूक-दुरुस्तीचा संकेतही लिहून ठेवते. वाचलेली माहिती त्या संकेताशी जुळली नाही, तर डिस्क आधी ती दुरुस्त करू पाहते आणि जमले नाही तर सरळ वाचन-त्रुटी कळवते. चुकीचा मजकूर बरोबर म्हणून हाती देण्याचे प्रसंग तिच्याकडून क्वचितच घडतात. साध्या घरगुती संगणकातल्या रॅमला, म्हणजे चालू कामाच्या मेमरीला, मात्र अशी संपूर्ण राखण नसते. शून्याचा एक झाला तर ते कोणाच्याही लक्षात येत नाही, आणि पुढे तो बिट ज्या प्रोग्रॅमच्या वाट्याला जातो तो कोसळतो किंवा ज्या फाइलमध्ये लिहिला जातो ती बिघडते. म्हणून एकच फाइल एकदा खराब आणि एकदा चांगली दिसत असेल, किंवा दर वेळी वेगळाच दोष समोर येत असेल, तर माझा पहिला संशय आता मेमरीवर असतो. उलट ठरावीक फाइल उघडतानाच संगणक अडत असेल, काही सेकंद गोठत असेल आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीत, ‘डिस्क’ या नावाखाली खराब ब्लॉकची नोंद, म्हणजे ७ क्रमांकाची, वारंवार येत असेल, तर संशय डिस्कवर घ्यावा.

तरीही संशय कोणावरही असो, तपासणी मेमरीपासूनच सुरू करावी असे माझे ठाम मत आहे. डिस्कवर जाणारी आणि डिस्कवरून येणारी माहिती मेमरीतूनच जाते. मेमरी सदोष असताना ‘चेकडिस्क’सारखे दुरुस्तीचे साधन चालवले, तर ते फाइलींची मांडणी चुकीच्या मेमरीत वाचते, नसलेला दोष पाहते आणि ‘दुरुस्त’ करताना धडधाकट मांडणी मोडून टाकते. बॅकअपचेही तसेच आहे: महत्त्वाच्या फाइलींची प्रत आधी काढावीच, पण ती नव्या जागी काढावी, जुन्या, चांगल्या प्रतीवर ती लिहू नये, कारण नवी प्रत बिघडलेल्या रॅममधून गेलेली असण्याची शक्यता असते.

मेमरी तपासण्यासाठी विंडोजमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ आहेच, पण ते निर्दोष म्हणाले एवढ्यावर मी थांबत नाही. माझा भरवसा मेमटेस्ट८६प्लस या मुक्त प्रोग्रॅमवर आहे. ज्या मूळ मेमटेस्ट८६ वरून तो निघाला, तो ख्रिस ब्रेडी यांनी १९९४ च्या सुमारास लिहिला होता, आणि २०२२ साली आलेल्या प्लसच्या सहाव्या आवृत्तीपासून तो यूईएफआय (संगणक सुरू करणारी, जुन्या बायोसची जागा घेणारी प्रणाली) असलेल्या नव्या संगणकांवरही चालतो. तो पेनड्राइव्हवर घालून संगणक त्यावरूनच सुरू करावा लागतो, आणि त्यातच त्याचे बळ आहे: विंडोज चालू असताना त्याने व्यापलेली मेमरी दुसऱ्या प्रोग्रॅमला तपासता येत नाही, तर हा प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय चालतो आणि स्वतः बसलेली जागा तपासण्यासाठी स्वतःलाही दुसरीकडे हलवतो. तो शून्य आणि एक यांचे निरनिराळे नमुने प्रत्येक पत्त्यावर लिहून परत वाचतो. एका चाचणीत तर नमुना लिहून काही मिनिटे नुसता थांबतो आणि तो टिकून राहिला का ते पाहतो.

इथे घाई करू नये. पहिली फेरी मुद्दाम आखूड ठेवलेली असते, म्हणून ती निर्दोष संपली याला फारसा अर्थ नाही; मी रात्रभर, किमान चार फेऱ्या होईपर्यंत चाचणी चालू ठेवतो. माझ्या संगणकावर पहिली फेरी स्वच्छ गेली आणि दुसऱ्या फेरीत सहा चुका दिसल्या, सगळ्या एकमेकींच्या जवळच्या पत्त्यांवर. कोट्यवधी पत्त्यांमध्ये सहा चुका म्हणजे काहीच नाही असे वाटू शकते, पण मेमरीच्या बाबतीत सहन करण्याजोगी चूक नसते.

चूक दिसली म्हणजे रॅमची पट्टीच खराब, असा निष्कर्ष मात्र लगेच काढू नये. बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी ही रॅमचा वेग वाढवणारी सोय चालू असेल तर रॅम मूळ वेगापेक्षा जास्त वेगाने धावत असते. ते बंद करून पुन्हा तपासावे, आणि चुका थांबल्या तर दोष त्या वेगाचा असण्याची शक्यता मोठी. नंतर वीजजोडणी काढून, संगणकाच्या धातूच्या सांगाड्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवून, पट्ट्या काढाव्यात आणि नीट दाबून परत बसवाव्यात, कारण कधी कधी दोष सैल बसलेल्या संपर्काचाच असतो. एवढे करूनही माझ्याकडे चुका राहिल्या, तेव्हा मी दोन पट्ट्यांपैकी एकच ठेवून चाचणी केली, मग दुसरी, आणि शेवटी दोषी पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून पाहिली. चूक पट्टीबरोबर सरकली तर पट्टी खराब. स्लॉटपाशीच राहिली तर मदरबोर्ड किंवा प्रोसेसरकडे पाहावे लागते. माझी चूक पट्टीबरोबर सरकली.

पट्टी बदलल्यावरच मी डिस्ककडे वळलो. डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ज्या ‘स्मार्ट’ नोंदी ठेवते, त्यांत मी चार क्रमांक पाहतो: ५ म्हणजे बदलून दिलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आलेले आणि निर्णयाची वाट पाहणारे, १९८ म्हणजे दुरुस्त न होणारे, आणि १९९ म्हणजे वाहतुकीत झालेल्या चुका, ज्यांचे मूळ बहुतेकदा डिस्कमध्ये नसून केबलमध्ये असते. वर झळकणाऱ्या ‘चांगली’ या शेऱ्यापेक्षा हे मूळ आकडे अधिक बोलतात. तरी तेही पुरेसे नाहीत. २००७ साली गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कच्या सर्वांत महत्त्वाच्या चार स्मार्ट नोंदींत काहीच आढळले नव्हते. म्हणून डिस्कची स्वतःची लांब चाचणीही चालवावी. ती सगळा पृष्ठभाग वाचते आणि मोठ्या डिस्कला कित्येक तास घेते.

माझ्या डिस्कवर १९७ समोर ८ हा आकडा होता आणि बाकी तिन्ही शून्य. डिस्कचा भौतिक सेक्टर ४,०९६ बाइटचा असून संगणकाला तो ५१२ बाइटचे आठ सेक्टर म्हणून दाखवला जातो, त्यामुळे आठ म्हणजे प्रत्यक्षात एकच जागा बिघडलेली असावी. लांब चाचणी नेमकी तिथेच अडली. डिस्कवरचे सगळे आधीच दुसरीकडे उतरवलेले होते, म्हणून मी संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहिली. त्यानंतर १९७ शून्यावर आला, ५ वाढला नाही आणि पुन्हा घेतलेली लांब चाचणी शेवटपर्यंत गेली. सेक्टर खरोखर झिजला असता तर डिस्कने तो बदलून घेतला असता, तेव्हा लिहिता लिहिता संगणक बंद पडल्याने ती जागा अर्धवट राहिली असावी असे मी मानतो. तरीही त्या डिस्कवर एकमेव प्रत म्हणून मी काहीही ठेवत नाही आणि दर महिन्याला ते चार आकडे वहीत लिहून ठेवतो.

सर्वांत वेळखाऊ काम नंतरचे होते. त्या तीन महिन्यांत लिहिलेल्या फाइलींवर विश्वास ठेवता येत नव्हता, म्हणून मी त्यांचे एसएचए-२५६ बेरीजांक (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेली, मजकूर जरा बदलला तरी बदलणारी खूण) काढून जुन्या बॅकअपमधल्या फाइलींशी ताडून पाहिले. ज्यांच्यात मी स्वतः कधी काही बदलले नव्हते अशा दोन संग्रहांचे बेरीजांक जुळले नाहीत. ते जुन्या प्रतीतून परत आणता आले, कारण ती प्रत बिघाड सुरू होण्याच्या आधीची होती आणि तिच्यावर मी काही लिहिले नव्हते.