२८ बाय दीड: जुन्या ॲटलसच्या पार्टसाठी पुण्यातला एक बुधवार

चुलत्यांची काळी ॲटलस आहे, चोवीस इंची, रॉड ब्रेकवाली, बरीच वर्षं गोठ्यात उभी होती. फ्रेम ठणठणीत, गंज वरवरचा, पण पॅडल मारलं की टकटक, चेन दात सोडतेय, मागचा टायर उभा चिरलेला आणि ब्रेकची रबरं दगडासारखी झालेली. तालुक्याच्या दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं, "आता हे मिळत नाही हो, गियरची घ्या नवीन." ऑनलाईन बघितलं तर पार्टपेक्षा कुरियर महाग. मग म्हटलं एक दिवस पुण्याला जाऊन सगळं एका फेरीत उरकू, आणि बऱ्यापैकी उरकलंही, म्हणून जाणाऱ्यांसाठी सविस्तर लिहितोय.

आधी एक गैरसमज काढून टाका. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० च्या जूनमध्ये थांबला (तोही नेमका जागतिक सायकल दिनाला), त्यामुळे लोकांना वाटतं पार्ट संपले. पण आपल्याकडच्या काळ्या सायकली, ॲटलस असो, हिरो, एव्हॉन किंवा हर्क्युलस, सगळ्या एकाच जुन्या इंग्लिश नमुन्यावर बनलेल्या आहेत, आणि तसल्या सायकली दूधवाले, गॅसवाले अजून चालवतात म्हणून लुधियानाहून त्यांचा माल अजून येतोय. कंपनीचं नाव फक्त पुढच्या बिल्ल्याला आणि चक्राच्या नक्षीला लागतं, बाकी सगळा खेळ मापाचा. माप बरोबर असेल तर पार्ट चहा-वड्याच्या पैशात मिळतो, माप चुकलं की पुन्हा एसटीचं तिकीट काढा.

म्हणून निघायच्या आधीचं काम जास्त महत्त्वाचं. जे बदलायचंय ते शक्यतो खोलून, पुसून, पिशवीत घालून सोबत न्या. फोटोवर भागत नाही, फोटोत सगळ्या कॉटर पिना (पॅडलचा दांडा, म्हणजे क्रँक, धरून ठेवणाऱ्या पाचरी) सारख्याच दिसतात. टायरच्या कडेवरचे आकडे वाचा. बावीस इंची, चोवीस इंची हे जे आपण म्हणतो ते फ्रेमचं माप, चाक दोन्हींचं २८ चंच, आणि टायरवर २८ × १½ किंवा बारीक अक्षरात ४०-६३५ असं असतं. यातला ६३५ महत्त्वाचा, तो रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास मिलीमीटरमध्ये. हल्लीच्या हायब्रीड सायकलच्या ७००सी टायरवर पण कधीकधी २८ लिहिलेलं असतं पण तो ६२२ चा, तो आपल्या रिमवर काही केल्या चढणार नाही. २६ वाल्यांची तीच गत, जुन्या लेडीज सायकलचा २६ × १⅜ म्हणजे ५९० आणि एमटीबीचा (माउंटन बाईकचा) २६ म्हणजे ५५९, दुकानदार "छब्बीस ना? घ्या" म्हणून हातात देतो, तुम्ही आकडा बघून घ्या.

रिम किंवा आरे बदलायचे असतील तर आरे मोजा. जुन्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० असतात, नवीन रिमा बऱ्याचशा ३६ भोकांच्या. आणि रॉड ब्रेकवाल्यांनी हे डोक्यात पक्कं ठेवा, की आपला ब्रेक रिमला बाजूने धरत नाही, आतून, म्हणजे आरे असतात त्या अंगाने वर दाबतो, त्यामुळे रिमला आतल्या बाजूने ब्रेक रबर टेकायला जागा लागते. कॅलिपर ब्रेकची, म्हणजे बाजूने धरणाऱ्या ब्रेकची चकचकीत रिम स्वस्त मिळाली म्हणून उचलली तर सायकल पळेल पण थांबणार नाही.

चेन घरीच मोजता येते. पट्टी घेऊन एका पिनच्या मधोमधपासून बारा इंच मोजा, नव्या चेनला बाराव्या इंचावर बरोबर पिन येते. पिन एक सूत, म्हणजे १/८ इंच पुढे सरकली असेल तर चेन गेली, आणि मग फ्रीव्हील (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) पण गेलं असं धरून चाला कारण जुन्या दातांवर नवी चेन घसरते. दोन्ही एकदम घ्या.

आता वार. बुधवारीच जा. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, पण रविवारी नाना पेठेतल्या होलसेलवाल्यांची बरीच शटरं खाली असतात. मी सकाळच्या एसटीने स्वारगेट, तिथून मेट्रोने मंडई सोडून पुढचं कसबा पेठ, आणि तिथून चालत जुना बाजार. आधी जुना बाजार आणि मग नाना पेठ हाच क्रम बरा, कारण जुन्या बाजारातला चांगला माल दुपारपर्यंत उडतो, आणि तिथे काय मिळालं नाही ते कळलं की पेठेत नवीन घेता येतं.

जुन्या बाजारात काय घ्यायचं आणि काय नाही हे मात्र ठरवून जा. घासली जाणारी कुठलीही वस्तू तिथे घेऊ नका, म्हणजे चेन, फ्रीव्हील, छर्रे (बेअरिंगच्या गोळ्या), ते ज्यात फिरतात ते कप-कोन, टायर, ब्रेक रबर यातलं काही नाही, ते नवीनच इतकं स्वस्त आहे की जुन्यात अर्थ नाही. घ्यायचं ते पत्र्याचं आणि लोखंडाचं, मडगार्ड, पूर्ण चेनकव्हर, कॅरियर, ब्रेकचे रॉड आणि त्यांचे जोड, डायनामो, घंटी. जुना मडगार्डचा पत्रा हातात घेतला की जाडी कळते, नवीन मडगार्ड अंगठ्याने दाबलं तर पोचा पडतो. खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवा, घंटीची वाटी खरंच पितळी आहे की पॉलिश मारलेलं लोखंड ते लगेच समजतं, पितळेला चुंबक चिकटत नाही. डायनामोची चाकी हाताने फिरवून बघा, खडखड न होता फिरली पाहिजे, आणि जमलं तर सहा व्होल्टचा बल्ब न्या सोबत.

मला मागचं मडगार्ड आणि पुढच्या ब्रेकचा रॉड मिळाला. विकणारे मामा गोणपाटावर नळ, कुलपं, गिरमिटं असं सगळं मांडून बसलेले, सायकलचं सामान एका पत्र्याच्या डब्यात. मडगार्डाचे चारशे म्हणाले. मी काही न बोलता उलटं करून आतला गंज बघत बसलो तर स्वतःच अडीचशेवर आले, रॉडसकट तीनशेला तुटलं. घासाघीस कराच, पण दोन-तीन वस्तू एकाच ठिकाणी बाजूला काढून मग एकदम भाव करा, सुट्टी सुट्टी केली तर माणूस वैतागतो. आणि अख्खी सायकल कोणी कवडीमोलाने देत असेल तर लांब राहा, पावती नाही, फ्रेम नंबर घासलेला, असली भानगड विकत घेऊ नका.

नाना पेठ तिथून रिक्षाने जवळ आहे, चालत पण जाता येतं. हा भाग मुख्यतः मोटारसायकलच्या स्पेअर पार्टसाठी माहितीचा पण सायकलची दुकानं पण आहेत. रस्त्यावरच्या मोठ्या दुकानांत लहान पोरांच्या रंगीत सायकली टांगलेल्या दिसतात तिकडे वेळ घालवू नका, जिथे काउंटरच्या मागे भिंतभर लाकडी खण आहेत तिथे जा. एका दुकानात मी सुरू केलं, "काका, ॲटलसचं सामान पाहिजे होतं, जुनी आहे, साधारण..." तर काका म्हणाले, "कंपनी नको, माप सांगा." पिशवी काउंटरवर उपडी केली आणि दहा मिनिटांत काम झालं. टायर तीनशेच्या आत, ट्यूब शंभरच्या आसपास, चेन आणि फ्रीव्हील मिळून अडीचशेच्या घरात, ब्रेक रबरांचा सेट तीस रुपये. दुकानागणिक थोडं इकडेतिकडे होईल. फ्रीव्हीलचे दात मोजून घ्या, काळ्या सायकलीला बहुधा १८ असतात, कमी दातांचं घेतलंत तर सायकल जड होईल आणि घाटाखालच्या चढाला उतरून ढकलावी लागेल. छर्रे सुट्टे मिळतात, मधल्या एक्सलला पाव इंची, एका बाजूला ११, मागच्या हबला पण पाव इंची, बाजूला ९, पुढच्या हबला ३/१६ चे बाजूला १०. पाच-सहा जास्तच घ्या, एखादा गटारात जाणारच.

खरं शिकण्यासारखं मिळालं ते मात्र त्या दुकानाच्या बाहेर बसणाऱ्या मिस्त्री चाचांकडे. माझी टकटक कॉटर पिनची होती, म्हणजे क्रँक एक्सलवर धरून ठेवणारी ती पाचर. पिना दहा-पंधरा रुपयांना मिळतात पण जाडीत अर्ध्या मिलीमीटरचा फरक निघतो, साडेनऊची आणि नऊची, आणि चपट्या बाजूचा उतार पण प्रत्येकीचा वेगळा. क्रँक आणि एक्सल मी सोबत नेलेच होते. चाचांनी पाच-सहा पिना एकामागून एक घालून बघितल्या, एक निवडली, चपट्या बाजूला कानस फिरवली, पुन्हा घातली, काढली, आणि पिनवर घासल्याची चकाकी कुठे उमटलीय ते उन्हात धरून दाखवलं. एकाच टोकाला चमकत होती. परत कानस, परत उन्हात, पूर्ण सपाटीवर सारखी चकाकी आली तेव्हा कुठे हातोडी घेतली. "दादा, ठोकून बसवायची नसते, बसली की मग ठोकायची." ठोकताना क्रँकच्या खाली लोखंडी पाईपचा तुकडा उभा टेकवून घेतात, म्हणजे दणका पाईपमधून जमिनीत जातो, सायकलीवर तसंच ठोकलं तर आतले छर्रे कपात रुततात. आणि दोन्ही बाजूच्या पिना उलटसुलट, एकीचा नट वर तर दुसरीचा खाली, नाहीतर दोन पॅडल एका रेषेत येत नाहीत. यात नट आवळून पिन ओढायची नाही, नट फक्त धरून ठेवायला असतो, जास्त आवळला की आटेच जातात.

चाचांना दोन पिनांचे आणि मजुरीचे मिळून शंभर दिले, मला तरी ते कमीच वाटले.

ज्यांच्याकडे जुनी इंग्लंडची रॅले आहे त्यांनी वेगळं सावध राहायचं. तिच्या मधल्या कपाचे आटे इंचाला २६ आणि बाकी बहुतेक सायकलींचे २४, कप दिसायला तोच, दोन वेढे जातो पण, आणि मग अडकतो, तिथे जोर लावला तर फ्रेमचे आटे गेले. तो कप नव्यात शोधत बसू नका, आहे तोच रॉकेलने धुऊन, छर्रे नवे घालून, ग्रीस भरून वापरा. मूळ सामान कसं दिसतं हे बघायचं असेल तर कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे, पार्ट घ्यायच्या आधी एक चक्कर मारली तर निम्म्या शंका तिथेच मिटतात.

मुंबईवाल्यांनी यासाठी पुण्याला यायची गरज नाही, काळबादेवीला सायकलचं मार्केट आहेच. आणि तालुक्याला जुनं सायकल मार्ट असेल, पाटीवर अजून "ओव्हरऑईल" लिहिलेलं, तर आधी तिथे माळ्यावर काय पडलंय ते विचारा, मालक मूडमध्ये असतील तर वीस वर्षं न विकलेली वस्तू जुन्या भावात निघते.

बसवल्यावर पन्नासेक किलोमीटर चालवून कॉटरचे नट परत बघायचे, नव्या पिना पहिल्यांदा थोड्या बसतात. डावं पॅडल उलट्या आट्यांचं असतं हे ही नवख्यांनी विसरू नये. माझं आता फक्त डायनामोचं ब्रॅकेट राहिलंय, पुढच्या चिमट्याला बसणारं, दोन बोल्टचं. जुन्या बाजारात होतं ते मागच्या चाकाचं. कुणाला कुठे दिसलं तर सांगा, तोवर टॉर्च बांधून चालवतोय.